खालच्या मजल्यावरून आलेल्या तक्रारीबाबत

९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी पाणी भरलं, भाजी आणली, कपडे वाळत घातले. दुपारी तुमचा फोन आला. नंतर झोप लागली नाही.

वन्सं, नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत हे दुपारी विचारायचं राहिलं, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. म्हणून पत्र. पत्रात मला मध्येच कोणी तोडत नाही. शेक देत असालच. भावजींनाही नमस्कार सांगा.

तर, तुमचे भाऊ गेल्याच्या दुःखाने माझं डोकं फिरलं असून मी रस्त्यात दिसेल त्याला नमस्कार घालत सुटले आहे, असं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तुम्हाला कळवलं. रविवारी गाडी आणून तुम्ही मला कायमचं तुमच्याकडे नेणार आणि या घराला कुलूप लावणार, हेही ठरलं. (मला सोडून सगळ्यांचं ठरलं.) त्यातला नमस्कार खरा आहे. दुःखही खरं आहे. पण हे मी दुःखाने करत नाही, रागाने करते.

ह्यांची सवय तुम्हाला ठाऊक आहे. बाहेर पडले की ओळख असो नसो, समोरच्याला “काय, बरंय ना?” विचारायचे. हे गेल्यावर महिन्याने मी त्याच रस्त्याने पहिल्यांदा बाजारात गेले. वाटलं, लोक थांबवतील, साहेब दिसत नाहीत म्हणतील, मग भर रस्त्यात सगळं सांगावं लागेल. मोठा रुमाल घेऊन गेले होते. कोणी विचारलं नाही. रुमाल घडीसकट परत आणला. इतकी वर्षं एक माणूस तुमची रोज चौकशी करतो, आणि तो दिसेनासा झाला तर तुमच्या लक्षातही येत नाही? म्हटलं, थांबा, तुमची इतक्यात सुटका नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी सुरू केलं. माझा स्वभाव तुम्ही जाणता. माझी नोकरी रक्त तपासायला घेण्याची. “मूठ आवळा” आणि “मूठ सोडा” एवढ्या संभाषणावर मी पेन्शनपर्यंत पोचले. त्यामुळे पहिलं “काय, बरंय ना?” इतक्या जोरात निघालं की त्या गृहस्थांनी आधी शर्टाची बटणं तपासली, मग खिसे, मग चपलेखाली पाहिलं. एका मुलीने कानातला इअरफोन काढून सांगितलं, “काकू, मला काही घ्यायचं नाहीये.” एक बाई म्हणाल्या, मी तुम्हाला ओळखलं नाही. मी म्हटलं, मीही नाही. तशा त्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या (पलीकडचा फुटपाथ खोदलेला असूनही).

मग फोटोचं प्रकरण. शनिवारी संध्याकाळी सेक्रेटरी दारात आले आणि मोबाईल पुढे धरला. “वहिनी, एकट्या असता म्हणून मुद्दाम सांगायला आलो. ही बाई आपल्या भागात फिरतेय. गोड बोलून ओळख काढते. दार उघडू नका.” फोटो पाठीमागून काढलेला. निळी साडी, हातात कापडी पिशवी. मी तीच साडी नेसून, तीच पिशवी घेऊन त्यांच्यासमोर उभी. हा माणूस कित्येक वर्षं माझ्या खाली राहतो, माझ्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या गॅलरीत पडतं म्हणून अधूनमधून भांडायलाही येतो. पण भांडताना तो कुंड्यांकडे बघतो. मी म्हटलं, “ही मीच.” ते म्हणाले, “चेष्टा नको, वहिनी.” शेवटी मी पाठ करून उभी राहिले, तेव्हा त्यांना पटलं. खाली जाऊन त्यांनी तुम्हाला फोन लावला.

एक गोष्ट मात्र त्यांनाही माहीत नाही. परवा बसथांब्यावर एका वयस्कर गृहस्थांना विचारलं. मला विसरल्याची त्यांना लाज वाटली असावी. “अहो, किती दिवसांनी! मुलं काय म्हणतात?” (आम्हाला मुलं नाहीत. मजेत आहेत म्हटलं.) “आणि साहेब कसे आहेत?” वन्सं, हा प्रश्न मला रस्त्यात पहिल्यांदाच कोणी विचारला. मी म्हटलं, “बरे आहेत. फिरायला गेलेत.” “त्यांची सवयच ती,” ते म्हणाले, आणि त्यांची बस आली. घरी येऊन मी दोन कप चहा टाकला असं समजू नका. एकच टाकला. पण तो बऱ्याच दिवसांनी खाली बसून प्यायले.

तेव्हा मी येणार नाही. बोलणं सोडणार नाही आणि घरही सोडणार नाही. गाडी आणलीत तर रिकामी परत न्यावी लागेल. त्यापेक्षा स्वतःच्या चार साड्या घेऊन या आणि इथे राहा. मात्र माझ्याबरोबर खाली उतरलात तर तुम्हालाही तोंड उघडावं लागेल, आणि त्यात तुम्हाला अडचण येईल असं वाटत नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. : सेक्रेटरींना मी आता जिन्यात गाठून रोज विचारते. आधी ते “हं” म्हणत. कालपासून “हं, बरंय” झालं आहे.

आणखी एक ता. क. : खरं विचारायचं ते राहिलंच. आज सकाळी भाजीवाल्यापाशी एका अनोळखी बाईने आपणहून मला विचारलं, “काय मावशी, बरंय ना?” मी पिशवी छातीशी धरली आणि वाट सुधारली. कोपरा वळल्यावर लक्षात आलं, तोवर ती गेली होती. ह्यांना कोणी आधी विचारलं, तर हे काय म्हणत? मी कधी ऐकलं नाही. ह्यांच्या आधी कोणी बोलतच नसे. तुम्ही लहानपणापासून त्यांना पाहिलंत, आठवत असेल तर लगेच कळवा. एखाद्या सकाळी तिची पुन्हा गाठ पडली आणि तुमचं उत्तर आलेलं नसलं, तर मनाला येईल ते बोलेन. पाकिटावर तिकीट लावलं आहे. गॅस बंद केलाय का ते बघते आणि टपालपेटीपर्यंत जाऊन येते.