बाबांची मोजणी

दादा,

तू ड्यूटीवरून येशील तेव्हा घराला कुलूप असेल, घाबरू नकोस. बाबांना तळ्याच्या चौपाटीवर घेऊन जातेय. तळ्याकाठचा पार्क बंद होईपर्यंत तिथेच बसू. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

उद्या दहाला वृद्धाश्रमाची गाडी येईल. बॅग भरलीय, गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत. शिट्टी शोधत बसू नकोस, ती त्यांच्या गळ्यातच आहे.

फॉर्मवर सही केलीस म्हणून काल मी तुला नको ते बोलले. मनावर घेऊ नकोस. माझ्यानंही आता होत नाही रे.

तीस वर्षं त्या तळ्यावर जीवरक्षक म्हणून त्यांनी दर पंधरा मिनिटांनी पाण्यातली डोकी मोजली. आता घरात आपल्याला मोजतात, आणि आई गेल्यापासून एक डोकं कमी भरतं. परवा बाथरूमच्या दाराशी बसून रडले, म्हणाले, "माझ्या पाळीत बुडाली." ती आजारपणात गेली, हे किती वेळा सांगायचं? दर वेळी त्यांना ते नव्यानंच कळतं.

चौपाटीवर सगळी अनोळखी माणसं. तिथे कुणी कमी भरत नाही, म्हणून बाबा शांत बसतात. तेवढा एक दिवस त्यांना मिळू दे.

उद्या त्यांना गाडीत बसवताना "लवकर न्यायला येतो" असं मात्र म्हणू नकोस. ते वाट बघतील. इथे त्यांना एकटी आईच कमी भरत होती. उद्यापासून आई, तू, मी, तिघंही कमी भरू.

— छोटी