माझ्या पेटीतली वाळू कोणी धुवायची न्हाई

न्हाई, माझं डोकं फिरलेलं न्हाई. सत्तरीतला माणूस घरात एकटा राहतो, भिंतीला लागून काचेची पेटी ठेवतो, पेटीत मासे अन् पाला वाढवतो, एवढ्यावरून तो खुळा ठरतो असं कोण्या कायद्यात लिहिलंय ते मला दाखवा. डॉक्टरनं माझी छाती तपासली. डोकं तपासलं न्हाई, कारण गरज न्हवती.

तर मी, तातेराव रामकिसन मिसाळ, वय सत्तर, धंदा काच कापणे अन् तसबिरी मढवणे, राहणार मंठा, जिल्हा जालना, शाळा चौथीपर्यंत, हा कागद माझ्या मर्जीनं, पुऱ्या शुद्धीत, कोणी दम दिल्याशिवाय अन् कोणी चहा पाजल्याशिवाय करून राह्यलो. सांगणारा मी, लिहिणारे शेजारचे धर्मराज साळवे मास्तर. मास्तर रिटायर आहेत, अक्षर मोत्यासारखं, पण मधीमधी 'सदरहू' घालतात. मी म्हणलं, "सदरहू काढा, नुसतं घर लिहा." ते म्हणले, "तात्या, कायद्याचा कागद आहे, चिठ्ठी न्हाई." मंग एकदोन राहू दिले.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं न्हाई. पुतण्या संपत, राहणार हसनाबाद, मागच्या महिन्यात टाईप केलेला स्टॅम्प पेपर घेऊनच आल्ता. फक्त माझी सही बाकी होती. तो कागद मी चार घड्या घालून पेटीच्या टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल आता डुगडुगत न्हाई. त्या कागदावर माझी सही कोणी दाखवली तर ती खोटी समजावी.

कलम १. सदरहू घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या, न्हाणी अन् पुढची दुकानाची खोली, माझ्या माघारी माझी बायको गिरिजाबाई हिचं. ती हल्ली टेंभुर्णीला भाऊ अण्णासाहेब यांच्याकडं राहते. घर ठेवायचं, विकायचं, भाड्यानं द्यायचं, तिची मर्जी. अट कोणतीच न्हाई. संपत म्हणतो, "काका, काकू घर सोडून गेली त्याला नऊ वर्षं झाली. तिचा काय हक्क?" सोडून गेली हे बराबर आहे. कामून गेली ते पुढं येतंय.

कलम २. पोस्टात जे आहे ते पण तिचंच. आकडा सांगत न्हाई, मास्तरला पण सांगितला न्हाई.

कलम ३. काच कापायची माझी हिरकणी, काटकोन बघायचे दोन्ही गुण्ये अन् फ्रेम आवळायचा शिकंजा हे समोरचा फ्रेमवाला बद्रीनाथ याला द्यावं. बद्रीनाथ माझा बावीस वर्षांचा दुश्मन आहे. माझ्या दारातली गिऱ्हाइकं हाक मारून न्हेली, माझ्या काचेला खापर म्हणला. पण हिरकणी कशी धरायची हे या गावात त्यालाच कळतं. एका रेघेत कापतो, दुसऱ्यांदा फिरवत न्हाई. हत्यार हातवाल्याकडं गेलं पाहिजे. मी मेल्यावर तरी त्यानं एक शब्द चांगला बोलावा. न्हाई बोलला तरी हिरकणी त्याचीच.

कलम ४. पुतण्या संपतला दुकानातली बारा पायऱ्यांची शिडी. दुसऱ्याच्या छपरावर चढून बघायची त्याला आवड आहे. बाकी त्याला काही न्हाई. भांडायचं असल्यास शिडीशी भांडावं.

कलम ५. आता पेटी. हे कलम मोठं आहे. मास्तर, हात दुखला तर सांगा.

पेटी साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दहा एमएमची काच, माझ्या हातची. शहाऐंशी साली एका इंजिनिअर साहेबांनी बंगल्यासाठी सांगितली होती. पेटी तयार झाली अन् साहेबांची बदली झाली. गिरिजा म्हणली, "आता हिच्यात काय, ज्वारी भरायची का?" मी म्हणलं, "पाणी भरून बघू, गळती का." गळली न्हाई. मंग हिवताप खात्यातल्या माणसानं डासांसाठी विहिरीत सोडायच्या गप्पी माशांतले मूठभर दिले. तिथून लागलं ते लागलंच.

खाली चार बोटं तळ्यातला पोयटा, वर नदीची वाळू. मागच्या बाजूला लांब पट्टीसारख्या पानांचा पाला दुधना नदीतून आणलेला. मधला रुंद पानांचा अन् दगडाला दोऱ्यानं बांधलेला औरंगाबादच्या दुकानातून. आता असा भरलाय की मागची भिंत दिसत न्हाई. त्यात गप्पी आहेत, काळ्या मोली आहेत, तांबडे तलवारशेपटे आहेत, पोटाला निळी रेघ असलेल्या बारीक माशांचा घोळका आहे, तळाला वाळू हुंगत फिरणारे मिशीवाले आहेत, अन् एक एंजल. एंजल जोडीनं आणले होते, एक गेला. राहिलेला कोणात मिसळत न्हाई, पाल्यामागं उभा राहतो. मी जेवायला पेटीपुढं बसतो. ताट वाजलं की सगळे काचेला येतात, तो सगळ्यात शेवटी येतो. घरात बोलणारं दुसरं कोणी न्हाई. पंपाची गुरगुर तेवढी असते. लाईट गेली की ती बी न्हाई.

सांभाळणाऱ्यानं हे बिलकुल विसरू नये:

सगळं पाणी एकदम बदलायचं न्हाई. आठवड्याला चार बादल्या काढायच्या, चार घालायच्या. नळाच्या पाण्यात औषधाची पावडर असते, ते दोन दिवस उघड्या टिपात ठेवून मंगच घालायचं. बोअरचं पाणी जड आहे, निम्मं पत्र्यावरचं पावसाचं मिसळायचं. चिमूटभर खायला, एकदाच. शनिवारी उपास. मासे धरतात, मी धरत न्हाई. पाला वाढला तर कातरीनं छाटायचा, मुळासकट उपटायचा न्हाई. अन् वाळू धुवायची न्हाई. त्या घाणीतच पेटीचा जीव आहे. लोकांना ती घाण दिसते, मला बी आधी तशीच दिसायची.

काढलेलं पाणी शेजारच्या प्रभावतीबाईंच्या वांग्यांना द्यावं. टँकरच्या साली गल्लीतले सगळे मला बोलले. एकजण तर हंडा वाजवून म्हणला, "माणसाच्या घशाला कोरड अन् तातेरावचे मासे पोहून राह्यले." मी माझ्या वाट्याचंच घेत होतो अन् आंघोळ तिसऱ्या दिवशी करत होतो. हे फक्त प्रभावतीबाईंना माहीत होतं, कारण वास त्यांना यायचा. तरी बोलल्या न्हाईत. म्हणून ते पाणी त्यांचं.

ही पेटी, माशांसकट अन् पाल्यासकट, मी गिरिजाबाईला देतो.

इथं मास्तरनी पेन थांबवला. म्हणले, "तात्या, जिनं मासे मारले तिलाच मासे?"

"तिलाच. लिहा."

"लोक इचारतील."

मंग लोकांसाठी लिहा. सत्त्याण्णव साल, घट बसायच्या आधीचा आठवडा. आपल्याकडं बायका दसरा काढतात, म्हणजे घरातली चिंधी न् चिंधी, भांडं न् भांडं धुऊन टाकतात. मी तीन दिवस जालन्याला एका शाळेच्या खिडक्यांना काचा बसवायला गेल्तो. गिरिजानं गोधड्या धुतल्या, डबे धुतले, देव उजळले, भिंती सारवल्या. मंग तिची नजर पेटीवर गेली. पाणी पिवळसर, काचेला हिरवं, तळाला गाळ. तिला वाटलं, मालक येईपर्यंत ही पण चकाचक करून ठेवू. मासे बादलीत काढले. पोयटा फेकला. वाळू सात पाण्यानं धुतली. पाला उपटून मुळं घासली, पिवळी पानं उकिरड्यावर. काच राखेनं घासली. अन् नळ नुकताच आल्ता, पावडरीचा वास मारत होता, ते पाणी काठोकाठ भरून मासे सोडले. तीन दिवसांची मेहनत होती तिची. कंबर धरून उभी होती.

मी आलो तेव्हा दारात गल्लीतल्या बायका बघायला जमल्या होत्या. गिरिजा म्हणली, "बघा हो, कसं लख्ख दिसून राह्यलं." पाणी खरंच लख्ख होतं. मासे सगळे वर आले होते, पोट वर करून.

तेव्हा मी बोललो ते वाक्य असं: "तुला लेकरू झालं न्हाई, म्हणून माझी लेकरं मारलीस."

मास्तर लिहीत न्हवते. मी म्हणलं, जसंच्या तसं लिहा.

ती रडली न्हाई. दोरीवरची ओली लुगडी काढली, गाठोडं बांधलं. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात डालड्याचा डबा. मला वाटलं तूप न्हेती. मी आडवा आलो न्हाई. दिवाळीला लोक म्हणले आणायला जा. मी निरोप धाडला. अण्णासाहेबांनी उलटा निरोप धाडला, "बोलले स्वतःच्या तोंडानं, आता यावं स्वतःच्या पायानं." बराबर बोलले. मी गेलो न्हाई. पेटी परत भरली, नवे मासे आणले.

चार वर्षांनी गेलो एकदा. जालन्याला गाडी बदलून टेंभुर्णीला उतरलो. अण्णासाहेबांच्या घरी त्यांची सून एकटीच होती, तिनं मला कधी बघितलेलं न्हवतं. तिला वाटलं बैलाच्या सौद्याला कोणी आलंय. पाणी दिलं. मी वसरीत बसलो. समोर जनावरांची दगडी डोणी होती, पाण्यानं भरलेली. आत लांब पट्टीचा पाला, माझ्या दुधनेचा. अन् त्यात गप्पी. दहावीस न्हाई, डोणी भरून. डालड्याच्या डब्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं. बादलीच्या तळाला, पाल्यात, बारकी पिल्लं राहिली असतील. ती घेऊन ती गेल्ती. मी शिव्या देत होतो अन् ती पिल्लं वेचत होती.

मी सुनेला म्हणलं, "डोणी लई शेवाळलीय. घासत न्हाई का?"

ती म्हणली, "न्हाई बाबा. आत्याबाई दसऱ्यालाबी हात लावू देत न्हाईत. सगळं घर धुतात, हिला सोडून. पाणी पण हिच्यातलं सगळं काढायचं न्हाई म्हणतात."

"कुठंयत आत्याबाई?"

"वावरात गेल्यात खुरपायला. येतीलच. थांबा की."

मी थांबलो न्हाई. म्हणलं गाडी चुकंल. गाडी दीड तासानं होती.

म्हणून पेटी तिला. या अख्ख्या जिल्ह्यात जिला सांगावं लागणार न्हाई अशी ती एकटीच आहे. वर जे सगळं सांगितलं ते दुसऱ्यांसाठी, तिच्यासाठी न्हाई.

कलम ६. हे मास्तरला माहीत न्हवतं, आत्ता लिहिताना कळतंय. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साली जालन्याच्या एका डॉक्टरनं आम्हा दोघांना तपासायला बोलावलं. ती आधी गेली. तिच्यात काही दोष निघाला न्हाई, कागदावर लिहून दिलं. डॉक्टर म्हणले, आता मालकाला पाठवा. मी गेलो न्हाई. धंद्याचे दिवस आहेत म्हणलं. नंतर गेलोच न्हाई. तो कागद तिनं कोणाला दाखवला न्हाई. गल्ली तिला वांझोटी म्हणत राहिली, हळदीकुंकवाला मागं बसवत राहिली, तिनं एकदाही म्हणलं न्हाई की मालकाला विचारा. अन् मी तिला ते वाक्य त्याच बायकांदेखत बोललो.

मी शुद्धीत असल्याचा वर दाखला दिलाच आहे. त्याच शुद्धीत लिहून देतो की गिरिजाबाईत दोष न्हवता. असलाच तर माझ्यात, अन् मला त्याचा अंदाज होता.

कलम ७. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात म्हणे. हे तसं करायचं न्हाई. याची एक नक्कल मास्तरनी आजच करायची. प्रभावतीबाईंनी उद्याच्या पहिल्या गाडीनं टेंभुर्णीला न्ह्यायची. गिरिजाला वाचता येत न्हाई, त्यांनी वाचून दाखवायचं, अण्णासाहेब अन् घरची सगळी माणसं समोर बसवून. कलम पाच अन् सहा गाळायचं न्हाई. परत आल्यावर तेच इथं गल्लीत, ओट्यावर बसून, त्याच बायकांपुढं वाचायचं. मी आत पेटीपुढं बसलेला असंन. कोणाला काही म्हणायचं असलं तर दार उघडं राहील.

प्रभावतीबाईंना आत्ताच बोलावून विचारलं. त्या म्हणल्या, "भाऊजी, हे तुम्हीच जाऊन बोला की. तोंड आहे ना?"

मी म्हणलं, "जाता का न्हाई?"

"जाते," म्हणल्या. "पण तिनं इचारलं, मालक का आले न्हाईत, तर काय सांगू?"

"छातीचं दुखणं सांगा."

"ते खरं का?"

"दुखतंय हे खरं."

कलम ८. माझ्या क्रियेला गावजेवण घालू नये. तेराव्याला शनिवार आला तरी माशांना उपास घडवू नये, तेवढा एक दिवस सोडून द्यावा.

वरचं सगळं मास्तरनी मला दोनदा वाचून दाखवलं. दोन्ही वेळेला बराबर होतं. माझ्या सहीनं पक्कं करतो.

ठिकाण : मंठा, जिल्हा जालना
दिनांक : १८ फेब्रुवारी २००७

सही
तातेराव रामकिसन मिसाळ

साक्षीदार, ज्यांना या कागदातून काहीच मिळणार न्हाई अन् हे दोघांनाही माहीत आहे :
१) धर्मराज साळवे, निवृत्त शिक्षक, मंठा (सही)
२) रामराव टेलर, समोरचे दुकान, मंठा (सही)

सह्या झाल्यावर मास्तरनी विचारलं, "तात्या, अन् वहिनी स्वतःच गाडीत बसून आल्या तर? तर काय बोलणार?"

ते मी मास्तरला सांगणार न्हाई, कागदाला पण सांगणार न्हाई. पेन बंद करा.