ट्रॅम्पोलिनवरची सोबत

रविवार, ६ एप्रिल
आज सकाळी देवाचं नाव घेतलं आणि परसात ट्रॅम्पोलिन उभारलं. लेक दवाखान्यात नर्स, त्यामुळे नात दिवसभर आमच्याकडे. जमीन सपाट केली. भोवतीच्या जाळीची चेन पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. स्प्रिंगांवर गादीची पट्टी बांधली. माहितीपत्रक मोठ्याने वाचलं, गावच्या शाळेची सवय. 'लहान मुलांनी मोठ्यांच्या सोबतीनेच वापरावे.' लेक म्हणाली, बाबा, लक्ष ठेवा. म्हटलं, डोळ्यांत तेल घालून.

मंगळवार, ८ एप्रिल
विचार केला. उडी मारताना माणूस क्षणभर कुणाचाच नसतो. अशा वेळी खाली आपलं कुणीतरी हवं. बाहेर खुर्ची टाकून बसणं म्हणजे सोबत नव्हे. उद्यापासून आत.

बुधवार, ९ एप्रिल. संध्याकाळ
आत गेलो. चपला बाहेर, खिसे रिकामे, मनात नामस्मरण. मी उड्या मारत नाही, नुसता उभा राहतो. थोडा हलतो, तो दोष कापडाचा. नात म्हणते, आजोबा आले की मी जास्त उंच जाते. सोबतीने पोरीला धीर येतो तो असा. बायको खिडकीतून ओरडली, अहो, उतरा खाली, कापड जमिनीला टेकतंय! तिला सेफ्टीतलं कळत नाही. 'एका वेळी एकानेच' असंही पत्रकात आहे, पण ते उड्या मारणाऱ्यांसाठी. राखण करणाऱ्याला त्यात धरत नाहीत.

शनिवार, १२ एप्रिल
पोरीचं कोपर मोडलं.
ती खाली येत होती. माझा तोल गेला, सावरायला पाय दाबून रोवला. एवढंच. ती माझ्या डोक्याच्याही वर गेली. जाळीने काम चोख केलं, बाहेर पडू दिलं नाही. आतच पडली, हातावर.
डॉक्टरांनी विचारलं, सोबत कोण होतं? म्हटलं, मीच, जवळच होतो. ते म्हणाले, किती जवळ? सांगणारच होतो, तेवढ्यात एक्स-रे आला.

सोमवार, १४ एप्रिल
ऑपरेशन झालं. हाडात तारा घातल्यात. करंगळी हलत नाही, हलेल म्हणतात. देवापुढे बसलो, काय मागावं ते सुचेना. ठरवलं, लेकीला खरं सांगायचं. पोरीला माझ्यावर सोपवू नकोस, हेही सांगायचं. आज ती फार दमली होती. उद्या.

गुरुवार, १७ एप्रिल
जावई समोर होते. चारचौघांत कसं बोलणार? उद्या नक्की.

रविवार, २० एप्रिल
सांगितलं. लेक पोरीच्या केसांतला गुंता सोडवत होती. म्हटलं, मी आत होतो, माझ्याच पायाने ती उडाली. तिला माझ्याकडे ठेवू नकोस. मान वर न करता ती म्हणाली, बाबा, पोरीने त्याच दिवशी सांगितलं मला. उद्यापासून ती पाळणाघरात जातेय. आई बोलली नाही का तुम्हाला?
नाही बोलली.
तरी निर्णय माझाच होता, आणि तो मी पार पाडला.