कॅमेऱ्यावरचं कुंकू

दसरा, संध्याकाळ

राग आलाय, म्हणून लिहायला बसले.

परळीच्या आमच्या विरंगुळा केंद्रात टीव्हीवर बॉलिंगचा खेळ आहे. समोर उभं राहून हात झोकला की वरचा छोटा कॅमेरा तो बघतो आणि पडद्यावर चेंडू पळतो. वर्षानुवर्षं एकमेकींशी न बोलणाऱ्या म्हाताऱ्या त्या खेळापायी रोज जमायला लागल्या. शिकवलं कुणी? मी.

आज दसरा, म्हणून त्या यंत्राची पूजा. मी ताट घेऊन पुढं झाले, तर सुमनबाई म्हणाली, "तुमी बसा अक्का, सवाष्णींना करू द्या." इतकं हळू म्हणाली, की सगळ्यांना ऐकू गेलं. हे गेल्यापासून सहा वर्षं ऐकतेय. पण तिथंसुद्धा? जिला हात धरून शिकवलं, तिच्याकडून? आणि मी बसले. का म्हणून बसले? त्याचाच राग जास्त.

मग सुमनबाईनं कुंकवाचं बोट टेकवलं ते बरोब्बर कॅमेऱ्याच्या काचेवर. आरती झाली, खेळ लावला, चेंडू हलेना. सगळ्या हात झोकून दमल्या. यंत्राला कुणी दिसतच नव्हतं. ते बोट टेकलं तेव्हाच मला कळलं होतं. बोलले नाही.

शेवटी सुमनबाईच आली. "अक्का, बघा की जरा. तुमालाच कळतंय त्यातलं."

उठले. पदरानं काच पुसली. चेंडू पळाला, टाळ्या पडल्या.

कुंकू लावायला मी चालत नव्हते. पुसायला बरी चालले.