रांग भरली होती

लातूर,
१६ जून २०२४

प्रिय धम्मप्रिया,

सप्रेम जय भीम.

लिंबाजीकाकांचा गुडघा आता कसा आहे? तू लोह्यात शिकवण्या घेतेस, असं आपल्या वर्गातल्या ऋतुजाकडून कळलं. विष्णुपुरीच्या कॉलेजात अख्ख्या वर्गात कॉम्प्युटरच्या सी भाषेला न घाबरणारी तू एकटी, आणि आता पाढे पाठ करून घेतेस. वाईट वाटलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

इकडे नळाला आठ दिवसांआड पाणी येतं. दवाखान्यात आपले दोन्ही प्रोग्रॅम अजून चालू आहेत: वॉर्डातून रक्ताची मागणी पाठवणारा माझा, आणि रक्तपेढीत ती घेऊन छापणारा तुझा. मधल्या मेसेज क्यूला तू रांग म्हणायचीस. माझ्याने मागणी रांगेत ठेवायची, तुझ्याने क्रमाने उचलायची. रांग भरली, तर जागा होईपर्यंत माझ्याने थांबायचं, हे तूच ठरवलं होतंस.

सुरुवातीला माझा थांबायचाही. थांबला की वॉर्डातली स्क्रीन अडकायची आणि सिस्टर माझ्यावर डाफरायच्या. त्या कटकटीला कंटाळून मी एका ओळीत ‘नो वेट’ टाकलं, म्हणजे जागा नसली तर न थांबता परत यायचं. परत आल्यावर मेसेज खरंच गेला का, हे तपासायला हवं होतं. ते केलं नाही. स्क्रीनवर मात्र दर वेळी ‘पाठवलं’ असंच यायचं.

त्या दुपारी रक्तपेढीतला प्रिंटर अडकला, त्याच्यासाठी तुझा प्रोग्रॅम थांबला आणि रांग भरली. बाळंतीण सिंधूसाठी सिस्टरनी मागणी टाकली, ‘पाठवलं’ वाचलं आणि त्या निर्धास्त झाल्या. पाऊण तासाने कुणीतरी रक्तपेढीत धावत गेलं, तेव्हा तिथं सिंधूचं नावही नव्हतं.

चौकशीत आपले साहेब म्हणाले, मागणी गेली होती, हिच्या प्रोग्रॅमने हरवली. वर, सवलतीतून आलेल्यांचं असंच असतं, असंही म्हणाले. मी तिथंच खाली मान घालून चहा पीत होतो. बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, "माझ्याकडं आलंच न्हाई, आलोक. तुझ्याकडून निघालं का, तेवढं सांग. तू कायतरी लपवायलास."

मी म्हणालो, माझा प्रोग्रॅम तपासलाय, त्यात काही सापडलं नाही.

सापडणार कसं? सिंधू गेली त्याच संध्याकाळी ती ओळ मी गुपचूप दुरुस्त केली होती. चौकशी समितीने दुरुस्त झालेला प्रोग्रॅम तपासला. तुझी नोकरी गेली, मला बढती मिळाली.

दोन वर्षं मिठाची गुळणी धरून बसलो. गेल्या आठवड्यात नांदेडच्या एका दवाखान्यात हाच प्रोग्रॅम दाखवताना साहेब म्हणाले, आधीच्या बाईंच्या चुकीतून आम्ही शिकलो. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी मान डोलावली. त्या दिवसापासून मला माझीच किळस येते.

काल जुनी ओळ, नवी ओळ आणि बदलाची तारीख सहीनिशी लिहून समितीला दिली. प्रत सोबत आहे. कुणालाही दाखव. माफी मागत नाही, कारण मग तुला उत्तर द्यावं लागेल.

एकच कर. हे काकांना वाचून दाखव. तुझं सामान न्यायला आले होते, तेव्हा माझा हात धरून ते म्हणाले होते, "बाळा, माझ्या लेकीच्या बाजूनं तू एकटाच हायस."

तुझ्या बाजूने कधीच नसलेला,
आलोक