चकलीचा शोक

५ जानेवारी, रविवार. सकाळी.
नव्या वर्षाचा निश्चय : चकलीला बरं करणे. स्वतः. शांतपणे, शास्त्रीय पद्धतीनं.

चकली म्हणजे आमची गिनीपिग. अंगभर केसांचे भोवरे, म्हणून माझ्या बायकोनं, प्रेमलतानं, हे नाव ठेवलं. प्रेमलता सप्टेंबरात गेली. तपासण्यांसाठी हॉस्पिटलमध्ये नेली होती, दोन दिवसांत घरी, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून बेहालाच्या या फ्लॅटमध्ये मी आणि चकली. यामिनी पुण्याला नोकरीत. लेक रोज फोन करते. त्यामुळे एकटेपणा वगैरे काही नाही.

लक्षण पहिलं : खात नाही. कोथिंबिरीची काडी उचलते, तोंडात धरते, सोडून देते. म्हणजे घास घेते, आठवण येते, टाकते. ही केस सरळ आहे. हा शोक आहे.

लक्षण दुसरं : शिट्टी बंद. प्रेमलता संध्याकाळी बाजारातून आली की जिन्यातच चकलीला चाहूल लागायची आणि ती कुकरसारखी शिट्टी मारायची. प्रेमलता गेल्यावरही ती त्याच वेळी दाराकडं तोंड करून शिट्टी मारत राहिली. बाहेर कोणी नसे. मी उठून दार उघडायचो. त्यात अंधश्रद्धा नाही, घरात हवा यायला हवी.

नाताळापासून शिट्टी नाही. घर फार शांत झालंय. मला शांतता आवडते. पण ही वेगळी आहे.

७ जानेवारी, मंगळवार.
ऑफिसातून परस्पर मृणालबाबूंकडे. होमिओपॅथीत बेहालात त्यांचं नाव आहे. बाकावर सगळे माकडटोपीवाले खोकत बसलेले. नंबर लागल्यावर मी सांगितलं, घरातल्या एका व्यक्तीसाठी आलोय, वय चार. बोलते का, विचारलं. म्हटलं, पूर्वी शिट्टी मारायची. त्यांनी पेन खाली ठेवलं. झोप, भूक, भीती, सगळं विचारलं. फार हळुवार माणूस. शेवटी म्हणाले, मुलीला घेऊन या. तेव्हा मला गिनीपिगचा खुलासा करावा लागला.

ते बराच वेळ चष्मा पुसत होते. मग बंगालीत म्हणाले, शरत्‌बाबू, आमाके माफ कोरबेन, याला जनावरांचा डॉक्टर हवा, लवकर. (इथं सगळ्या बंगाल्यांनी माझ्या शरच्चंद्राचं शरत्‌बाबू केलंय. प्रेमलताला ते फार आवडायचं.)

मोठ्या माणसांची नम्रता. त्यांना सुचवायचं होतं की तुम्ही स्वतःच करू शकाल.

८ जानेवारी.
पुस्तक आणलं. इग्नेशियाही आणलं. शोकावरचं मुख्य औषध. साबुदाण्यासारख्या गोळ्या. एक पाण्यात विरघळवून ड्रॉपरनं दिली. चकलीनं चाटली. औषध अचूक असल्याची खूण.

दोन मीही घेतल्या. डोसचा अंदाज यावा म्हणून.

११ जानेवारी, शनिवार.
पुस्तकात म्हटलंय, रोग्याचा स्वभाव कळल्याशिवाय उपचार नको. दुपारभर बसून केस लिहिली. थंडी सोसत नाही. जेवणाकडं बघवत नाही. एकटं राहणं नको वाटतं, पण कोणी आलं की कोपऱ्यात जाते. फोन वाजला की दचकते. पलंगाच्या एकाच बाजूला झोपते.

यामिनीला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवली. तिनं पलंगाची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "बाबा, हे चकलीचं आहे की तुमचं? ती पलंगावर कधी झोपते?"

मी म्हटलं, रेंज नाही. मुलं लांब राहिली की त्यांचं निरीक्षण कच्चं होतं.

१४ जानेवारी, संक्रांत.
नवीन लक्षण. हनुवटी सतत ओली. गळ्यापर्यंत केस चिकटलेले. रडण्याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता. मी तिची हनुवटी रुमालानं पुसली आणि म्हटलं, पुरे आता. नंतर तोच रुमाल वापरला.

इग्नेशियाची पॉवर वाढवली.

वरच्या मजल्यावरच्या आभादी पाटिशापटा, म्हणजे नारळ भरलेली गोड धिरडी, घेऊन आल्या. शाळेतून रिटायर झाल्यात, पण आवाज अजून वर्गातलाच. चकलीला उचलून म्हणाल्या, ए तो एकदम हल्की हो गई, शरत्‌बाबू. मी समजावलं की शोकात वजन उतरतंच. त्या चकलीकडं न बघता माझ्या पँटकडं बघत होत्या. पट्ट्याला मी नवीन भोक पाडलंय, ते दिसलं असावं. पाटिशापटा संपवून टाका म्हणाल्या. हो म्हणालो. फ्रीजमध्ये आहेत.

१७ जानेवारी. सकाळी.
चहा दोन कप झाला. हात आपोआप दोन माप टाकतो. प्रयोग म्हणून दुसरा कप चकलीच्या पिंजऱ्याजवळ ठेवला. प्रेमलता तिथंच मोडा, म्हणजे वेताचं बुटकं स्टूल, घेऊन बसायची, चकलीशी बोलत चहा प्यायची. चकली कपाकडं सरकली, हुंगलं आणि मग कपाच्या वर, मोड्याच्या उंचीवर, बघत राहिली.

मीही बघितलं. काही नव्हतं.

निष्कर्ष : स्मृती शाबूत. दोन्ही कप मीच प्यायलो.

१९ जानेवारी, रविवार. संध्याकाळी.
जिन्यात पावलं. प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळ. पावलं आमच्या मजल्यावर येऊन थांबली. चकलीनं मान वळवली. मीही. शिट्टी आली नाही. मी श्वास धरून बसलो. मग पावलं वर गेली. आभादी. दम खायला थांबल्या असणार.

दार उघडलं नाही. आज हवा पुरेशी होती.

२३ जानेवारी.
यामिनी फोनवर चिडली. व्हेटकडं न्या म्हणून रोज सांगते. मी म्हटलं, होमिओपॅथी सूक्ष्म असते, धीर लागतो. ती म्हणाली, आईच्या वेळी तुम्हीच तर घाई केली होती, मग आता का नाही?

तिला काय सांगणार. आपल्या घरातलं माणूस तिथं नेलं की ते परत येत नाही, हे एक निरीक्षण मला पुरेसं आहे.

निश्चय : उद्यापासून दिवसातून जास्त वेळा औषध.

२६ जानेवारी, रविवार.
नोंद व्हायला हवी.

सकाळी चकली कुशीवर पडलेली. डोळे उघडे. मी हाक मारली. कान हलला नाही. मी खाली बसलो आणि बसून राहिलो. किती वेळ, माहीत नाही. दार उघडंच असणार, कारण आभादी आत आल्या. त्यांनी शाल काढली, तिला गुंडाळलं आणि मराठीला जवळ जाईल अशा हिंदीत म्हणाल्या, "मी नेतेय. यायचं असेल तर चपला घाला."

चपला घातल्या. ऑटोत पोटली माझ्या मांडीवर. ती इतकी हलकी होती की प्रत्येक खड्ड्याला मी शालीत हात घालून बघत होतो.

डॉक्टर तरुण बाई होत्या. मी इग्नेशियापासून सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि चकलीच्या तोंडात एक छोटी नळी घालून मला डोळा लावायला सांगितला. मागचे दात दोन्ही बाजूंनी वाढून जिभेवर कमानीसारखे आले होते. जीभ खाली अडकलेली. गिळता येत नाही, म्हणून लाळ गळते, म्हणून हनुवटी ओली. गिनीपिगचे दात आयुष्यभर वाढतात म्हणे, आणि कधी कधी असे वाकडे वाढतात.

मी विचारलं, पण तिला खावंसंच वाटत नव्हतं ना. घास उचलायची आणि टाकायची.

डॉक्टर म्हणाल्या, "नाही काका. तिला भूक होती. रोज होती. म्हणूनच उचलायची."

मग शोक, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, असेलही, तो मला दिसत नाही. दात दिसतात.

भूल देऊन दात कापायला आत नेलं. अंगात ताकद नाही, जागी होईलच असं सांगता येत नाही, असं म्हणाल्या. बाहेर बाक होता. हिरवा रंग, भिंतीवर घड्याळ. मी बाकावर बसलो नाही. आभादी बसल्या. त्यांनी मला काहीही सांगितलं नाही, सगळं ठीक होईल वगैरे. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

दार उघडलं तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो. डॉक्टरांनी हाक मारली, चकलीचे बाबा कोण.

जिवंत होती. थरथरत होती. मी तिला घेतलं आणि बाकावर बसलो.

३० जानेवारी.
डॉक्टरांनी दिलेली पावडर पाण्यात कालवून सिरिंजनं भरवतो. पहिल्या दिवशी तिनं थुंकली, माझ्या शर्टावर. काल चाटली. आज सिरिंज चावली. ऑपरेशन सोसायची शक्ती गोळ्यांनीच दिली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. यामिनीला हे सांगितलं. ती हसली. खूप दिवसांनी हसली, आणि मग रडायला लागली. रेंज खरंच गेली.

ती रोज भुकेली होती. मी समोर बसून तिच्या आठवणी लिहीत होतो.

५ फेब्रुवारी.
अख्खी काडी खाल्ली. कचकच आवाज करत. मग अजून मागितली. प्रेमलताच्या मोड्याकडं, दाराकडं, कुठंही बघितलं नाही. पोट भरल्यावर माझ्याकडं पाठ करून झोपली.

मला जरा रागच आला. इतक्या लवकर.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
ऑफिसातून यायला उशीर. खिदिरपूर बंदराकडून आलेल्या कंटेनरच्या ट्रकांनी रस्ता भरलेला. जिना चढायला लागलो आणि वरून शिट्टी ऐकू आली. लांबलचक, पूर्वीची. मी उरलेल्या पायऱ्या धावत चढलो. डोक्यात एवढंच होतं की आज प्रेमलता माझ्याआधी पोचली, चहा टाकला असेल.

दाराला कुलूप होतं. बाहेरून. सकाळी मीच लावलेलं.

आत चकली शिट्टी मारत राहिली. जिन्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी किल्ली हातात धरून उभा राहिलो, बराच वेळ असणार, कारण वरून आभादींनी वाकून विचारलं, काय शरत्‌बाबू, किल्ली हरवली का.

मी हो म्हणालो.