उडुपीला न गेलेली अक्का

कलबुर्गी,
२३ डिसेंबर २०२५

चि. संकर्षणास आणि सौ. विभास अक्काचे आशीर्वाद.

तू फोन कापतोस, म्हणून लिहिते. माझी सगळी नोकरी पोस्टात गेली, तेव्हा स्पीड पोस्टानं पाठवलेलं पत्र मिळालंच नाही, असं मला सांगू नकोस.

येळवशीच्या अमावास्येला शेतात केलेली भज्जी कशी झाली? आपल्या ठाणाकुशनूरच्या शेतात यंदा तूर बरी आहे म्हणे. मला बोलावणं नव्हतं, ऐकीव माहितीवर भागवते. इथं थंडी पडलीय. जेवण ठीक चाललंय. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, पण लिहायला तेवढा वर न्यावा लागत नाही.

येळवशीच्या संध्याकाळी तुझ्या नेत्राच्या होणाऱ्या सासूबाईंचा, सुमतीबाईंचा फोन आला. "आत्याबाई, उडुपीला गेलात म्हणं. येताना आमच्यासाठी प्रसाद आणा की." मी इथं कॉटवर, काखेत उशी घेऊन पडलेली. उडुपी! अरे, मला देवाला पाठवायचं तर निदान विचारून तरी पाठवायचंस. मी "बघते" म्हणाले. जन्मात पहिल्यांदा जीभ आवरली, पण ती तुझ्यासाठी नव्हे. खरं काय ते आधी नेत्राला कळायला हवं होतं, म्हणून.

मला स्तनाचा कॅन्सर झाला. "गाठ" नाही, "ते" नाही, "जरा तब्येत" नाही. हा शब्द वाचून विभानं पत्र उलटं ठेवलं असेल तर तिला म्हणावं, सरळ कर, पुढं अजून आहे. कॉन्व्हेंटात घालून अप्पांनी अक्काची जीभ बिघडवली, असं तू जगाला सांगतोस. सिस्टरनी एवढंच शिकवलं, की विचारलं तर ताठ उभं राहून मोठ्यानं उत्तर द्यायचं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं आलात. विभा दाराशी कुजबुजली, "लगीन न्हाई, लेकरू न्हाई, ह्यांना हे कामून झालं असंल?" आणि तू म्हणालास, "अक्का, साखरपुडा होईस्तोवर तोंड उघडू नको. पोरीचं मोडंल." मी गुंगीत होते, बहिरी नव्हते.

तर कामून, ते मी काल डोळ्यांनी पाहून आले. दुबलगुंडीच्या पोस्टात असताना शेजारी शिवशंकरप्पा राहायचे, त्यांची मुलगी सुधारानी इथं प्रयोगशाळेत संशोधन करते. माझ्या परवानगीनं त्या गाठीचा एक पातळ काप तिच्याकडे गेला होता. त्यावर तिनं अँटीबॉडी सोडली होती. माझ्या भाषेत सांगायचं तर ती एकाच पत्त्यावर थांबणारी चिठ्ठी, आणि चिठ्ठीला चमकणारा रंग बांधलेला. पत्ता हार्मोनच्या रिसेप्टरचा, म्हणजे बाईच्या अंगातलं हार्मोन ज्या पेटीत पडतं, त्या पेटीचा. चिठ्ठी थांबली तर उजेड. पेटीच नसेल तर अंधार.

काळोख्या खोलीत मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. येळवशीच्या संध्याकाळी शेताशेतांतून पेटत्या पेंढ्या फिरतात ना, तसं दिसलं, फक्त हिरवं. जवळजवळ प्रत्येक पेशी पेटलेली. म्हणजे रोग त्या टपालावर पोसला जात होता, आणि टपाल थांबवायची गोळी असते. ती मी सुरू केलीय. लग्न झालंय का, लेकरं किती, हे त्या पेट्या विचारत नाहीत. विभाला सांग.

आई "उष्णतेनं" गेली, असं आपण अजून सांगतो. चंदनाच्या लेपाखाली काय होतं, ते तुलाही ठाऊक आहे. आधी आई, मग मी. हे बापाच्या बाजूनंही येऊ शकतं, घरातल्या मुलींनी लवकर तपासून घ्यावं, असं डॉक्टरीणबाई तुझ्यासमोर म्हणाल्या होत्या. तू मान हलवलीस, आणि घरी जाऊन मला उडुपीला पाठवलंस.

म्हणून त्या खोलीत मी एकटी गेले नाही.

नेत्रा बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "आत्या, हे समदं तुझं व्हय?"

"व्हय, माझंच."

"आजीचं पण असंच होतं?"

"ते कुणी बघितलंच न्हाई, बाळा."

घरी येऊन तिनं माझ्याच कॉटवर बसून सुमतीबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मी शब्दही सुचवला नाही. पलीकडून "घरात बोलून कळवतो" एवढंच आलं. अजून कळवलेलं नाही. रात्रभर पोरगी कूस बदलत होती. सकाळी म्हणाली, "मोडलं तर मोडू दे, आत्या. तपासणीची तारीख कालच घेतलीय मी."

साखरपुडा झाला तर मी येणार. पुढच्या रांगेत बसणार, एका बाजूनं सपाट, आणि पदर सारखा करत बसणार नाही. नाही झाला तरी येणार, तुझ्याशी भांडायला.

बारशाला तिच्या कानात नाव मीच सांगितलं होतं, आणि तुम्ही सगळे माझ्या पाठीत धपाटे घालत होतात. आता दुसरी गोष्ट सांगितली. धपाटे घालायचे असतील तर ये, घर ठाऊक आहे.

पत्र टाकायला नेत्राच निघालीय.

कलबुर्गीतच असलेली,
तुझी अक्का